वजीफा, दक्षिणा आणि वेतन : पीएच.डी.नंतरच्या संशोधकाच्या किमान मोबदल्याचा इतिहास
(हुबळी-धारवाड परिसराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

विद्यापीठातील अध्यापकाचे वेतन कसे ठरते, हे महाविद्यालयात शिकविणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. वेतन आयोग नेमला जातो, विद्यापीठ अनुदान आयोग श्रेणी जाहीर करतो, राज्य सरकार आदेश काढते आणि दर सहा महिन्यांनी महागाई भत्त्याची चर्चा होते. परंतु पीएच.डी. पूर्ण झाली आहे, नोकरी अद्याप लागलेली नाही आणि संशोधन मात्र चालू आहे, अशा व्यक्तीचा मोबदला कोण ठरवितो, या प्रश्नाचे उत्तर तितके सोपे नाही. अशा संशोधकास कोठे पोस्ट डॉक्टरल फेलो म्हणतात, कोठे रिसर्च असोसिएट, कोठे प्रकल्प सहायक. तो विद्यार्थी नसतो आणि कर्मचारीही नसतो. या मधल्या अवस्थेत त्याच्या मोबदल्याला किमान मर्यादा असावी, हा विचार जगभर अलीकडेच रुजू लागला आहे.

आपल्या भागात हा प्रश्न नवा वाटत असला तरी त्याची मुळे जुनी आहेत. मुंबई इलाख्यात, ज्यात १९५६ पर्यंत धारवाड जिल्हाही मोडत होता, विद्वानाला विद्येसाठी ठरावीक रक्कम देण्याची व्यवस्था एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली आहे. तिचा इतिहास तपासला असता असे दिसून येते की, रक्कम किती हा प्रश्न नेहमीच दुय्यम राहिला आहे. ती हक्काने मिळते की मर्जीने, आणि कोणाला मिळते, हा खरा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने या विषयाचा आढावा घेतला आहे.

वजीफा आणि दक्षिणा

दख्खनमध्ये विद्वानाच्या पोटापाण्याची सोय राज्याने करण्याची परंपरा दोन वाटांनी आलेली आहे. पहिली वाट वजीफ्याची. बीदर येथे महमूद गावान याने १४७२ मध्ये उभारलेल्या मदरशात शिक्षक व विद्यार्थी यांच्या राहण्याची सोय होती. विजापूरच्या आसार महालाशी संलग्न मदरशात विद्यार्थ्यांना भोजनाबरोबर रोख रक्कमही मिळत असे, असे विजापूरच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे. हुबळी आणि धारवाड हा प्रदेश त्या काळी आदिलशाहीच्याच अमलाखाली होता.

‘वजीफा’ या मूळ अरबी शब्दाचे दोन अर्थ लक्षात घेण्यासारखे आहेत. एक अर्थ नेमून दिलेली रक्कम आणि दुसरा नेमून दिलेले काम. म्हणूनच रोजच्या नेमाने म्हटल्या जाणाऱ्या दुआलाही उर्दूत वजीफा म्हणतात. याचा अर्थ असा की शब्दातच देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची अशी दोन्ही बाजूंची बांधिलकी आहे. व्यवहारात मात्र घेणाऱ्याची बांधिलकी पक्की आणि देणाऱ्याची कच्ची, असेच बहुधा घडले. मिर्झा गालिब यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यांचे निवृत्तिवेतन घराण्याकडून आलेले होते, विद्येसाठी दिलेले नव्हते. वर्षाला साडेसातशे, म्हणजे महिन्याला साडेबासष्ट रुपये एवढे ते होते. आपला हिस्सा वाढवून मिळावा म्हणून त्यांनी थेट कलकत्त्यापर्यंत जाऊन खटपट केली. ती व्यर्थ गेली. १८५७ च्या उठावानंतर तर ही रक्कमही बंद झाली आणि १८६० मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली तीन वर्षे उर्दूच्या सर्वश्रेष्ठ कवींपैकी एकाला आपण सरकारशी एकनिष्ठ आहोत हे सिद्ध करण्यात घालवावी लागली.

दुसरी वाट दक्षिणेची. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगाव येथे विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा देण्याची प्रथा सुरू केली. पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालविली. श्रावण महिन्यात दूरदूरचे शास्त्री-पंडित पुण्यास जमत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने ही प्रथा एकदम मोडली नाही. वर्षाला पन्नास हजार रुपयांची मर्यादा घालून ती चालू ठेवली. १८२१ मध्ये पुण्याच्या विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज, म्हणजेच संस्कृत पाठशाळा, सुरू झाली तिच्यामागेही याच निधीचा आधार होता.

ही दक्षिणा जातीने बांधलेली होती, हे स्पष्टच आहे. तिच्याविरुद्ध पहिला मोठा आवाज १८४९ मध्ये उठला. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने पुण्यातील सुधारकांनी सरकारला अर्ज केला आणि दक्षिणेतील काही रक्कम मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावी, अशी मागणी केली. सनातनी मंडळींचा रोष एवढा होता की अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले यांना आपल्या बरोबरचे तरुण घेऊन उभे राहावे लागले. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी स्थापन झाली. विद्येसाठी ठेवलेल्या सार्वजनिक पैशाचे निकष बदलता येतात, आणि ते आपोआप बदलत नाहीत तर मागावे लागतात, हा धडा या प्रकरणातून मिळतो.

दक्षिणा फेलोशिप : पहिला ठरलेला दर

याच निधीतून पुढे पुणे व मुंबई येथील सरकारी महाविद्यालयांत दक्षिणा फेलोशिप निर्माण झाल्या. आजच्या विषयाच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची घटना आहे, कारण येथे पहिल्यांदा तरुण विद्वानासाठी दरमहा निश्चित रक्कम, निश्चित मुदत आणि निश्चित काम या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. फेलोने पुढील परीक्षेचा अभ्यास करावा आणि खालच्या वर्गांना शिकवावे, अशी अपेक्षा असे. महादेव गोविंद रानडे हे एल्फिन्स्टन कॉलेजात प्रथम ज्युनियर व नंतर सीनियर दक्षिणा फेलो होते. ज्युनियर फेलोस दरमहा साठ आणि सीनियर फेलोस एकशेवीस रुपये मिळत. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना फेलोशिप मिळाली ती १८५९ मध्ये. शिक्षणखात्याचे संचालक हॉवर्ड यांच्या सूचनेवरून ते त्या काळात संस्कृतकडे वळले. प्राच्यविद्येतील त्यांचे पुढील कार्य पाहता, पोटाची विवंचना नसलेली ती वर्षे किती फलदायी ठरली हे वेगळे सांगावयास नको. काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि गोपाळ गणेश आगरकर हेही दक्षिणा फेलो होते.

या नामावळीमुळे फेलोशिपचे गुण उठून दिसतात. तिची उणीव दिसते ती रानड्यांच्याच आयुष्यातील एका प्रसंगात. त्यांनी एका निबंधात ब्रिटिश राज्याची मराठी राज्याशी तुलना केली आणि ती ब्रिटिशांना अनुकूल नव्हती. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना हे रुचले नाही आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवण्यात आली. ग्रँट हे रानड्यांच्या बुद्धिमत्तेचे चाहते होते आणि पुढेही राहिले, हे लक्षात घेतले तर हा प्रसंग अधिकच बोलका ठरतो. प्राचार्य दुष्ट नव्हते. व्यवस्थाच अशी होती की एका व्यक्तीच्या नाराजीने विद्वानाचे वेतन थांबू शकत होते. दर ठरलेला होता, पण हक्क ठरलेला नव्हता.

दुसरी उणीव पोहोचीची होती. फेलोशिप मिळविण्यासाठी आधी महाविद्यालयापर्यंत पोहोचणे आवश्यक होते. १८८२ च्या हंटर आयोगाने मुस्लिम समाजाच्या शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला आणि मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी खास शिष्यवृत्त्यांची साखळी असावी, अशी शिफारस केली. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचे एक संस्थापक बद्रुद्दीन तय्यबजी यांनी या आयोगापुढे साक्ष दिली होती. शाळेपासून पदवीपर्यंतच्या पायऱ्याच नसतील तर वरच्या मजल्यावरील फेलोशिप कागदावरच राहते, हे त्या काळच्या धुरीणांनी ओळखले होते.

धारवाडची वाट

धारवाडच्या विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी दीर्घकाळ पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर गाठावे लागे. कर्नाटक एकीकरणाचे प्रवर्तक आलूर वेंकटराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकले. धारवाडमध्ये कर्नाटक कॉलेज निघाले ते १९१७ मध्ये. संशोधनासाठी वेगळी संस्था यायला आणखी बावीस वर्षे जावी लागली. १९३९ मध्ये मुंबई सरकारने धारवाड येथे कन्नड संशोधन संस्था सुरू केली. त्याच वर्षी पुण्याचे डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून नव्याने उभे राहिले. एकाच इलाख्यात, एकाच वर्षी, भाषा आणि इतिहास यांच्या संशोधनाला सरकारी पैशाने दोन घरे मिळाली, हा योगायोग नोंदण्यासारखा आहे.

कर्नाटक विद्यापीठाचा कायदा मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये केला. विद्यापीठाचे काम प्रथम मुंबईतून चालले आणि १९५० मध्ये ते धारवाडला आले. कन्नड संशोधन संस्थाही पुढे या विद्यापीठाचा भाग झाली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर विद्यापीठ म्हैसूर राज्यात आले आणि इलाख्याशी असलेला आर्थिक संबंध संपला. त्यानंतर धारवाडच्या संशोधकाच्या मोबदल्याचा प्रश्न दोन ठिकाणी विभागला गेला. कायम पदे राज्य सरकारच्या हाती आणि फेलोशिप दिल्लीच्या हाती. विद्यापीठाच्या स्वतःच्या हाती फारसे काही उरले नाही.

दिल्लीचे दर

स्वतंत्र भारतात पदवीनंतर नोकरीविना राहिलेल्या उच्चशिक्षितांचा विचार प्रथम विज्ञानाच्या क्षेत्रात झाला. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ मध्ये ‘सायंटिस्ट्स पूल’ ही योजना सुरू केली. परदेशातून परतलेल्या शास्त्रज्ञाला कायम जागा मिळेपर्यंत ठरावीक वेतन देऊन सामावून घेणे, हा तिचा हेतू होता. आजच्या पोस्ट डॉक्टरल व्यवस्थेचा हा भारतातील एक आरंभबिंदू मानता येईल. सामाजिक शास्त्रांसाठीची भारतीय परिषद १९६९ मध्ये आणि इतिहास संशोधनाची परिषद १९७२ मध्ये निघाली.

आज किमान मोबदल्याचा जो दर सर्वत्र प्रमाण म्हणून सांगितला जातो तो केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा. पीएच.डी. झालेल्या रिसर्च असोसिएटची पहिली श्रेणी २०१० मध्ये बावीस हजार रुपये होती. ती २०१४ मध्ये छत्तीस हजार, २०१९ मध्ये सत्तेचाळीस हजार आणि २०२३ मध्ये अठ्ठावन्न हजार झाली. त्यावर केंद्राच्या नियमाप्रमाणे घरभाडे भत्ता मिळतो. हुबळी-धारवाड हे केंद्रीय वर्गीकरणात ‘वाय’ श्रेणीचे शहर आहे. त्यामुळे २०२३ मध्ये लागू असलेल्या अठरा टक्के दराने येथील रिसर्च असोसिएटला १०,४४० रुपये भत्ता धरून एकूण ६८,४४० रुपये मिळावयास हवे होते.

हे आकडे पाहिले तर वाढ झाली नाही असे म्हणता येत नाही. परंतु तीन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली गोष्ट अशी की या रकमेवर महागाई भत्ता मिळत नाही. वेतनधारकाचा भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो. संशोधकाचा दर मात्र चार-साडेचार वर्षे गोठलेला राहतो. दुसरी गोष्ट, ही वाढ आपसूक होत नाही. २०१४ व २०१९ या दोन्ही वाढींच्या आधी देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांनी रस्त्यावर येऊन आंदोलने केली होती. रक्कम वेळेवर मिळावी आणि वाढ महागाईशी जोडली जावी, या त्यांच्या मागण्या रकमेइतक्याच महत्त्वाच्या होत्या.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. हा दर केंद्रीय प्रकल्पांना लागू होतो, विद्यापीठाला नव्हे. ज्याचे वेतन केंद्रीय अनुदानातून येते त्याला तो मिळतो. जो राज्य विद्यापीठाच्या किंवा खाजगी संस्थेच्या निधीतून काम करतो त्याच्यासाठी तो निव्वळ उदाहरण ठरतो. भाषा व इतिहास या विषयांत हे अंतर ठळकपणे जाणवते. २०१४ नंतर विज्ञान प्रकल्पातील रिसर्च असोसिएटला किमान छत्तीस हजार मिळत असताना सामाजिक शास्त्रांच्या परिषदेची पोस्ट डॉक्टरल फेलोशिप अठ्ठावीस हजारांची होती. २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने डॉ. राधाकृष्णन यांच्या नावाने दरमहा पन्नास हजारांची पोस्ट डॉक्टरल फेलोशिप जाहीर केली. तिच्या जागा साऱ्या देशासाठी नऊशे होत्या. उर्दू किंवा मराठीत पीएच.डी. केलेल्या धारवाडच्या उमेदवाराला त्यांतील एखादी मिळणे हे स्पर्धेवर अवलंबून राहते, हक्कावर नव्हे.

मग असा उमेदवार काय करतो? बहुधा अतिथी व्याख्याता होतो. कर्नाटकातील सरकारी पदवी महाविद्यालयांत जानेवारी २०२२ पूर्वी पात्रताधारक अतिथी व्याख्यात्याला दरमहा तेरा हजार आणि इतरांना अकरा हजार रुपये मिळत. त्या महिन्यात सरकारने हे मानधन पात्रता व अनुभव यांनुसार सव्वीस ते बत्तीस हजार केले आणि त्याबरोबर आठवड्याचे तास वाढविले. ही वाढदेखील दीर्घ आंदोलनानंतरच झाली. म्हणजे २०२१ मध्ये एकाच पात्रतेच्या दोन व्यक्ती, एकाच शहरात, एक सत्तेचाळीस हजारांवर आणि दुसरी तेरा हजारांवर काम करू शकत होती. त्यांच्यातील फरक पैसा कोणत्या खात्यातून येतो एवढाच होता. विद्वत्तेत तो असण्याचे कारण नव्हते.

मौलाना आझाद फेलोशिपचे उदाहरण

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर २००९ मध्ये अल्पसंख्याक समाजांतील संशोधक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली. ती पीएच.डी.पर्यंतच्या संशोधनासाठी होती, त्यानंतरच्या नव्हे. तरीही येथे तिचा उल्लेख आवश्यक आहे. हंटर आयोगाने सुचविलेल्या पायऱ्यांपैकी जी वरची पायरी सव्वाशे वर्षे अपुरी राहिली होती, ती या योजनेने बांधण्याचा प्रयत्न केला. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने ही फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करीत असल्याचे संसदेत सांगितले. इतर योजनांशी ती एकमेकींवर येते, असे कारण देण्यात आले. आधीच निवडलेल्यांची मुदत पूर्ण होईपर्यंत रक्कम देण्याचे ठरले.

या निर्णयावर मतभेद असू शकतात. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र त्यात एक ओळखीची गोष्ट दिसते. योजना म्हणून दिलेली गोष्ट योजना म्हणूनच काढून घेता येते. कायद्यात किंवा विद्यापीठाच्या नियमावलीत लिहिलेली गोष्ट काढून घेण्यासाठी निदान चर्चा करावी लागते.

इतर देशांतील अनुभव

अमेरिकेत हाच प्रश्न वेगळ्या मार्गाने पुढे गेला. तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्था आपल्या फेलोंसाठी दर जाहीर करते. हा दर फक्त तिच्या फेलोंना बंधनकारक असतो. परंतु अनेक विद्यापीठांनी पैसा कोठूनही आला तरी आपल्या आवारातील कोणत्याही पोस्ट डॉक्टरल संशोधकाला यापेक्षा कमी द्यायचे नाही, असा नियम स्वतः करून घेतला. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर संशोधकांच्या संघटनेने २०१० मध्ये करार करून हा दर किमान वेतन म्हणून मान्य करून घेतला. २०१६ मध्ये या संस्थेचा आरंभीचा वार्षिक दर ४७,४८४ डॉलर झाला. २०२४ मध्ये तो ६१,००८ डॉलर होता. या अनुभवातील घेण्यासारखी गोष्ट आकड्यात नाही. बाहेरच्या दराला विद्यापीठाने आपल्या घरचा नियम केले, त्यात ती आहे. त्यासाठी दिल्लीची किंवा बेंगळुरूची वाट पाहावी लागत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. विद्वानाला ठरावीक रक्कम देण्याची कल्पना या भूमीत नवी नाही; वजीफा आणि दक्षिणा या दोन्ही परंपरा तिच्या साक्षी आहेत. दक्षिणा फेलोशिपने दर, मुदत आणि काम निश्चित केले आणि त्यातून रानडे, भांडारकर यांच्यासारखे विद्वान घडले. तरीही देणाऱ्याच्या मर्जीपासून ती सुटली नाही. स्वातंत्र्यानंतर दर अधिक स्पष्ट झाले, पण ते पैशाच्या उगमाशी बांधले गेले, संशोधकाच्या पात्रतेशी नव्हे. त्यामुळे विज्ञानातील आणि भाषांतील, केंद्राच्या आणि राज्याच्या संशोधकांत मोठी दरी पडली.

या दृष्टीने किमान मोबदला खऱ्या अर्थाने किमान ठरण्यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत. तो लेखी असावा आणि पैसा कोणत्याही खात्यातून आला तरी लागू व्हावा. तो ठरावीक काळाने आपोआप वाढावा. आणि संशोधकाचे मत किंवा मार्गदर्शकाची नाराजी या कारणाने तो थांबविता येऊ नये. मोठ्या विद्यापीठाला हे करण्यास काही वर्षे लागतील. परंतु ज्या शिक्षणसंस्थांनी आपल्या महाविद्यालयांत संशोधन केंद्रे उघडली आहेत त्यांना ते आज करता येण्यासारखे आहे. दोन संशोधक ठेवण्याऐवजी एकच ठेवावा लागला तरी चालेल. पण त्याचा दर, मुदत आणि काम नेमणूकपत्रात लिहिलेले असावे. वजीफा या शब्दाचा अर्थ दोन्ही बाजूंनी पाळला गेला, असे तेव्हाच म्हणता येईल.